बोटुकलीच्या गाडीची कमान

आमच्या दुकानात मागच्या भिंतीला लागून वीस पोती रचलेली असतात. पोती धानाची, पण आत वाळू. आधी खरंच धान असायचं. मग उंदरांनी आतल्या आत वजन कमी करायला घेतलं, माझी मापं चुकायला लागली, म्हणून धान काढून वाळू भरली आणि तोंडं शिवून टाकली. एकेक पोतं बरोबर चाळीस किलोचं. नवीन गिऱ्हाईक आलं की विचारतंच, "आपा, हे विकाचे आहेत का?" मी म्हणते, "नाई भाऊ, हे माह्ये मास्तर आहेत. यायनंच शिकवलं मले."

ते तसं खोटंही नाही. शाळा माझी सातवीपर्यंत. लग्न होऊन सिंदेवाहीला आले तेव्हा सासरी कमानीचं दुकान होतं. भट्टी, ऐरण, घण, आणि दारात उभ्या गाड्या. आमचे हे घण मारायचे, मी चहा आणून द्यायची आणि उगाच उभी राहून बघायची. मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू हलली की ती का हलली, आणि थांबली तर का थांबली, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. पुढे ह्यांचा उजवा खांदा गेला. घणासाठी माणूस ठेवला, पण कोणता पाटा काढायचा आणि कोणता घालायचा हे सांगणारं कोणी हवं होतं. तेव्हा हे खुर्चीवर बसून म्हणाले, "इतने साल खड़ी रहके देखा है ना, अब बोलो." तेव्हापासून मी बोलतेच आहे.

आता कमान म्हणजे काय ते सांगते, कारण हा अंक वाचणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी आपल्या गाडीच्या खाली वाकून कधी पाहिलं नसेल. मालाच्या गाडीला मागे पोलादाचे वाकवलेले पाटे एकावर एक बसवलेले असतात, सर्वांत लांब वर, सर्वांत आखूड खाली. ती कमान. लहान मोटारींना तारेची गोल स्प्रिंग असते, पण काम तेच. चाक खड्ड्यात गेलं तर गाडी जाऊ नये, हे तिचं काम. माझं काम एवढंच की कमान किती कडक ठेवायची ते ठरवणं. एक पोतं ठेवलं तर गाडी किती बसते, दुसरं ठेवलं तर आणखी किती, ते बोटांनी मोजायचं. कमी बसली तर कमान कडक, जास्त बसली तर नरम. यात एक गंमत आहे, जी मला समजायला दोन वर्षं लागली. पाटा दुप्पट जाड केला तर कमान दुप्पट कडक होत नाही, आठपट होते. मी आधी मानायलाच तयार नव्हते. पोती ठेवून ठेवून पाठ दुखली तेव्हा मानलं.

लोकांचा सर्वांत मोठा घोटाळा उंची आणि कडकपणा यांचा. जिवतीकडचे एक भाऊ आले होते. डोंगराचा रस्ता, गाडीचं पोट दगडाला लागायचं. म्हणाले, "दोन पाटे जास्त टाका, गाडी उचलली पाह्यजे." मी म्हटलं, "भाऊ, गाडी उचलाची असंन तर आहे त्याच पाट्याले जास्त वाक देते. पाटे वाढवले तर कडक होईन." ऐकलं नाही. पाटे वाढवून घेऊन गेले. पंधरा दिवसांनी परत आले, सोबत त्यांची म्हातारी आई. आई खाली उतरून मला म्हणाली, "बाई, याले सांग, मी बसनं वापस जातो. ह्या गाडीत माह्ये दात हालले, जे दोन होते ते." मी पाटे काढले, वाक दिला. गाडी उंचही झाली आणि म्हातारी तिच्यातच बसून घरी गेली.

अशा गोष्टींनी माणसाला आपण हुशार आहोत असं वाटायला लागतं. मलाही वाटत होतं. म्हणून आता मुख्य गोष्ट सांगते.

आमचा भाग तलावांचा आहे हे इकडच्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे जवळपास गावागावाला तलाव, त्याच्या पाण्यावर धान, आणि त्याच पाण्यात मासोळी. पावसाळ्यात तलावात माशांची पिल्लं सोडावी लागतात. बोटाएवढी झालेली पिल्लं म्हणजे बोटुकली. ती मत्स्यबीज केंद्रातून आणायची, मोठ्या चौकोनी टाकीत पाणी भरून, पिकअप गाडीवर. ती मेली तर त्या वर्षी तलावात फक्त पाणी.

आमच्यापासून तासाभराच्या अंतरावरच्या एका गावात ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या समाजाच्या, बायांचा गट आहे. तलाव त्यांच्याकडे. गाडीही त्यांचीच, जुनी घेतलेली. गाडी चालवायचा विलास, आणि त्याची आई सरूबाई गटात. गटाच्या अध्यक्ष यमुनाबाई. उंच, हाडकुळी बाई, बोलणं कमी. बोलली की दुसरं कोणी बोलत नाही.

पहिल्यांदा सरूबाई आणि विलास आले ते वेगळ्या तक्रारीने. आधीच्या मालकाने त्या गाडीवर सिमेंट वाहिलं होतं, त्यामुळे कमान इतकी कडक की टाकी भरलेली असली तरी गाडी रस्त्यावर बेडकासारखी उड्या मारायची. बोटुकली टाकीच्या भिंतीवर आपटून तिचे खवले निघत होते. विलास म्हणाला, "आपा, मी दहाच्या स्पीडनं आणली तरी आपटते."

मी विचारलं, "पाणी किती भरता?"

"आठशे लीटर. पुरी टाकी भरली तर मासोळीले हवा भेटत नाई."

आठशे लीटर म्हणजे आठशे किलो, म्हणजे माझी वीस पोती. हिशेब इतका सरळ बसला की मला आनंदच झाला. जाड पाटे काढले, पातळ घातले, वीस पोती चढवली आणि विलासला म्हटलं चल. मी पोत्यांवर बसले, हातात चहाचा पेला. रेल्वे फाटकापर्यंत जाऊन आलो. चहा सांडला नाही. गाडी पाळण्यासारखी चालली. मी दुकानात येऊन ह्यांना पेला दाखवला. हे म्हणाले, "चाय पी ली होगी रास्ते में."

आठ दिवसांनी दुकानातला फोन वाजला. यमुनाबाई. बोटुकली आणली, अर्ध्याहून जास्त मेली. पांढरी पोटं वर करून टाकीत तरंगत होती. "तुमी कमान बनवली," त्या म्हणाल्या, "म्हणून तुमाले विचारून राह्यली."

मला अजून त्या वेळचं आठवतं. मी पोत्यांकडे पाहिलं. वीसच्या वीस जागेवर. मी स्वतः बसून गेले होते, चहा सांडला नव्हता. मी म्हटलं, "यमुनाबाई, कमान बरोबर आहे. चालवणाऱ्याले विचारा."

एवढंच वाक्य. फोन ठेवला आणि दुसऱ्या गाडीच्या कामाला लागले.

चार-पाच दिवसांनी सरूबाई एकटी बसने आली. पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसली. पाणी दिलं ते प्यायली नाही. म्हणाली, "विलासच्या हातची चाबी घेतली गटानं. म्हणे पोरगा पिऊन चालवते."

"पितो का?"

"त्याच्या बापानं पेली तेवढी पाहून त्यानं कधी हात नाई लावला." मग म्हणाली, "यमुनाबाईनं सांगतलं, कमानवाल्या बाईनंच म्हटलं, चालवणाऱ्याले विचारा. तुमी जाणत्या आहात म्हणून सगळ्या बायायनं मानलं, आपा. गावात तोंड दाखवत नाई पोरगा. मी भांडाले नाई आली. फक्त विचारतो, तुमी पाह्यलं होतं का त्याले पिऊन चालवताना?"

मी पाहिलं नव्हतं. मी काहीच पाहिलं नव्हतं. पोती पाहिली होती.

सरूबाईने सांगितलं की केंद्रातली त्या मोसमातली शेवटची बोटुकली दहा दिवसांत मिळणार आहे. ती मेली तर वर्ष गेलं. गट दुसरा चालक शोधतो आहे, आणि एकदा दुसरा आला की मग विलासला ती चावी परत मिळायची नाही, आणि ते नावही जायचं नाही. मी म्हटलं, "सरूबाई, एक काम कर. गाडी इथी आणाले लाव. टाकी बी. मासोळी नको, नुसतं पाणी भरू. मी पाण्यासंग बसतो."

खरं सांगते, त्या क्षणी मला पश्चात्ताप कमी आणि उत्सुकता जास्त होती. वीस पोती आणि आठशे लीटर, वजन तेच, गाडी तीच, कमान तीच. मग एकात चहा सांडत नाही आणि दुसऱ्यात मासोळी मरते, हे कसं?

दोन दिवसांनी गाडी आली. यमुनाबाईंनी चावी सरूबाईच्या हातात दिली होती, "दुकानापर्यंतच" असं बजावून. विलासने गाडी आणली, पण माझ्याकडे पाहिलं नाही. नळ लावून टाकी भरली. मी आणि सरूबाई मागे चढलो. जंगलाच्या बाजूचा वळणांचा रस्ता घेतला, जिथे एका कडेला डांबर उखडलेलं आहे.

सरळ रस्त्यावर काही नाही. पहिल्या वळणावर गाडी डावीकडे झुकली, पाणी डावीकडे गेलं. गाडी सावरून उजवीकडे आली, पाणीही तेवढ्याच वेळात उजवीकडे आलं. पुन्हा डावीकडे, आणि आता लाट आधीपेक्षा मोठी. उखडलेल्या कडेवर डावं चाक खाली-वर होऊ लागलं तशी ती लाट टाकीच्या भिंतीवर थाड थाड आपटायला लागली, आणि पाणी गाडीला ढकलायला लागलं. विलास अगदी हळू चालवत होता. मी केबिनच्या मागच्या काचेवर थाप मारली. गाडी थांबली तरी पाणी थांबेना.

मी नखशिखांत भिजले होते. सरूबाई मात्र पाण्याकडे बघत होती. म्हणाली, "हे तर कावडीवानी झालं."

"कशी कावड?"

"बाबा बोटुकली कावडीनं आणत. दोन हंड्या, दोन बाजूले. मी मांगं मांगं चालो. बाबा चालताना पाय लहान लहान टाकत, भराभरा. मी विचारलं, काऊन असे चालता, बाई चालल्यासारखं? तं म्हणाले, पाण्याच्या चालीनं चाललं की पाणी अंगावर येते. त्याच्या चालीनं चालाचंच नाई."

दुकानात परत आल्यावर तिने करून दाखवलं. दोन बादल्या भरून घेतल्या, अंगणात आधी मोठी ढांग टाकत चालली. पाचव्या पावलाला दोन्ही बादल्या सांडल्या. मग लहान पावलं, भराभर. पाणी नुसतं थरथरलं. आमचे हे खुर्चीवरून सगळं पाहत होते. म्हणाले, "अब पानी को भी पाटा डालोगी क्या?"

पाण्याला पाटा घालता येत नाही. टाकीत मध्ये फळ्या घालायचं मी सुचवलं होतं, पण सरूबाई म्हणाली, मासोळी फळीवर घासून मरंन. म्हणजे पाणी आपल्या चालीनेच हलणार. बदलायची गाडीची चाल.

मग आम्ही मोजलं. मी घड्याळ धरलं. विलासने टाकीतल्या पाण्याला एकदा फळीने ढकललं, आणि सरूबाई कडेला मनगट धरून बसली. पाणी मनगटाला लागलं की आकडा. ती मोजायला लागली, "लाभ, दोन, तीन…" धान मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात, ते तिने मासोळीच्या पाण्यालाही लावलं. अर्ध्या मिनिटात पाणी एकवीस वेळा आलं. मग मी आणि विलासने गाडीचा एक कडेचा भाग धरून हलवला, सोडला, आणि गाडी किती डुलते ते मोजलं. बावीस.

मी गाडी इतकी नरम केली होती की वळणावरचं तिचं डुलणं बरोबर पाण्याच्या चालीवर आलं होतं. दोघं हातात हात घालून नाचत होते आणि बोटुकली त्यांच्या मधे. पोत्यांनी हे कधी सांगितलंच नसतं. पोतं जिथे ठेवलं तिथे बसतं. आमच्या धानाच्या मुलखात वजन म्हटलं की पोतं आठवतं, आणि पोतं हलत नाही, म्हणून हलणाऱ्या वजनाचा विचारच डोक्यात आला नव्हता. मी माणसं बसवून गाड्या केल्या, विटा, बांबू, धान, सगळं. पाणी पहिल्यांदाच.

मग जुने जाड पाटे परत घालायचे का? तेही नाही, नाहीतर पुन्हा बेडूक. कमान मधली हवी होती. इतकी कडक की डुलणं पाण्याच्या चालीहून बरंच जलद व्हावं, आणि इतकी नरम की खड्डा मासोळीपर्यंत पोचू नये. तीन दिवस लागले. एक पाटा घातला, चोवीस. दुसरा जरा जाड घातला, सत्तावीस. मग खालचा एक पाटा बदलून थोडा लांब घेतला, एकतीस. याच्या वर गेलं की गाडी आपटायला लागायची, म्हणून तिथे थांबले. शॉकअपही बदलले. कमान गाडीला झुलवते, शॉकअप ते झुलणं थांबवतो. दोन्हीची कामं वेगळी, लोक एकाच्या चुका दुसऱ्यावर घालतात. मी तर माणसावर घातली होती.

या तीन दिवसांत विलास रोज यायचा. पाटे उचलायला मदत करायचा, मोजायचा, पण कामापुरतंच बोलायचा. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाटे धरून ठेवणारे यू-बोल्ट आवळताना मीच म्हटलं, "विलास, ते मी म्हटलं होतं फोनवर…"

तो पाना न थांबवता म्हणाला, "आपा, मले सांगून काय फायदा? मले तं माहीत होतं."

ते बरोबर होतं. त्याला माहीत होतं. माहीत नव्हतं ते बायांना.

शेवटची बोटुकली आणायच्या आदल्या दिवशी मी यमुनाबाईंना फोन केला. म्हटलं, गाडी विलास चालवंन, मी मासोळीसंग मांगं बसतो. त्यांनी विचारलं, "मेली तं?"

"मेली तं माह्या नावावर. पोराच्या नाई."

केंद्रातून सकाळी निघालो. सरूबाईही माझ्यासोबत मागे. टाकीत बोटुकलीचे काळे ढग फिरत होते. त्याच वळणावर गाडी झुकली, सावरली, आणि पाणी आपल्या संथ चालीने मागाहून आलं. गाडी तोवर पुढच्या ठेक्यावर होती. लाट वाढली नाही. उखडलेल्या कडेवर पाणी नुसतं थरथरलं, सरूबाईच्या बादल्यांसारखं. ती पूर्ण रस्ता पाण्यात हात घालून बसली होती. "लाभ, दोन" असं काही तरी पुटपुटत होती. मी विचारलं काय मोजतेस, तर म्हणाली, "काई नाई. बाबाची आठवण आली."

गावात पोचलो तेव्हा तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याच्या, तोंडाशी पंधरा-वीस बाया उभ्या होत्या. विलासने गाडी तिथेच वळवून थांबवली. टाकी पाळीवर मागे घेत न्यावी लागते, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला धानाचं शेत, म्हणजे बांधी, जागा गाडीपुरतीच. त्याच्यावर भरवसा उरला नव्हता, म्हणून गटाने आधीच ठरवलं होतं की विलासने पाळीवर गाडी न्यायची नाही, बाया बादल्यांनी बोटुकली वाहतील. यमुनाबाई चढून वर आल्या, टाकीत बघितलं. खूप वेळ बघितलं. हजारो बोटुकलीतली वर तरंगणारी मेलेली चाळणीने काढली. अकरा.

मी खाली उतरले. म्हटलं, "बायानो, एक सांगाचं आहे. मांगच्या वेळी बोटुकली विलासनं नाई मारली. माह्या कमानीनं मारली. मी कमान नको तितकी नरम केली होती, पाण्याच्या चालीवर आणून ठेवली होती. ते मले समजलं नाई आणि मी पोराचं नाव घेतलं."

मग यमुनाबाई म्हणाल्या, "मंग त्या दिवशी तसं काऊन म्हटलं, आपा?"

"पोत्यायनं सांगतलं मले. वीस पोत्यायनं."

एक बाई हसली, मग तोंडाला पदर लावून गप्प झाली. यमुनाबाई हसल्या नाहीत. चाळणीतली अकरा बोटुकली त्यांनी बांधीत फेकली. मग गाडीला वळसा घालून पाळीवर मागे जाऊन उभ्या राहिल्या, जिथून दोन्ही चाकं आणि दोन्ही कडा दिसतात. विलास अजून स्टीअरिंगवर हात ठेवून बसला होता, पुढे बघत.

"काऊन बसला?" त्या म्हणाल्या. "बाया बादल्या किती वाहतीन? चाल, मांगं घे."

त्याने आरशात पाहिलं. गिअर टाकला. यमुनाबाईंनी दोन्ही हात वर केले आणि पाळीवर मागे मागे सरकत ओरडायला लागल्या, "येऊ दे. येऊ दे. जरा डाव्या अंगानं. येऊ दे, बाबू, येऊ दे."